वाटप आणि वाटा

'वाटणे' या एकाच क्रियापदातून मराठीत दोन शब्द आले आणि पुढे दोघांचे स्वभाव फार वेगळे झाले. वाटप हा देणाऱ्याचा शब्द आहे. वाटप करणारा पायरीवर उभा असतो, यादी त्याच्या हातात असते, दिवस आणि जागा तो ठरवतो, आणि मंडपाच्या फलकावर नाव त्याचेच असते. वाटा हा घेणाऱ्याचा शब्द आहे. वाटा मागताना मान खाली घालावी लागत नाही, मिळाला म्हणून कोणाचे उपकार होत नाहीत, आणि मिळाला नाही तर भांडायला उभे राहता येते. साड्यांचे, सायकलींचे, धान्याचे वाटप होते. भावाभावांत शेताचे मात्र वाटप होत नाही, तिथे वाटणी होते. गडचिरोलीतल्या भामरागडच्या रेशन दुकानात पिशवीत पडणारा तांदूळ दोन्ही अर्थांनी तोच असतो, वजनही तेच असते. तरीही सरकार गरिबाला जे देते त्याला यांपैकी काय म्हणायचे, हा प्रश्न मला शब्दांच्या हौसेचा वाटत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे, कारण दान, ऋण आणि भाग या तीन कल्पनांवर आपली सगळी परंपरा माणसाचे माणसाशी असलेले देणेघेणे मोजत आली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो जितका टोकदार होतो तितका क्वचित कुठे होत असेल. गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. चंद्रपूरच्या पोटात कोळसा आणि चुनखडी आहे, आणि तिथले महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. इतक्या संपत्तीच्या मधोमध राहणारी माणसे सरकारच्या कागदावर 'लाभार्थी' आहेत. अर्थी म्हणजे मागणारा. हा शब्द चुकीचा आहे, आणि त्यातली चूक नुसती भाषेची नाही, असे मला सांगायचे आहे.

दानाच्या कल्पनेपासून सुरुवात करू, कारण सरकारी योजनांची भाषा तिथूनच आली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे कर्तव्यच आहे या भावनेने, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक. उपकाराची फेड व्हावी म्हणून किंवा फळावर डोळा ठेवून, जड मनाने दिलेले ते राजस. आणि अवेळी, अपात्राला, आदर न ठेवता, अवहेलना करून दिलेले ते तामस. या तीन श्लोकांत देणाऱ्याची अशी झाडाझडती आहे की आजचा कोणताही लेखापरीक्षक तितकी करणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेली रक्कम मतांवर डोळा ठेवून दिली असेल तर गीतेच्या हिशेबाने ती राजस ठरते. ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून म्हाताऱ्या बाईला चार वेळा परत पाठवून पाचव्या वेळी वसकन अंगावर येत दिलेले धान्य तामस ठरते, मग ते कितीही किलो असो. अवहेलनेने दिलेले दान आपल्या परंपरेत दानच नीट होत नाही, ही गोष्ट तहसील कचेरीच्या खिडकीवर आठवण्यासारखी आहे.

पण याच श्लोकांत एक शब्द असा आहे की तो हजारो वर्षांचा प्रवास करून थेट सरकारी अर्जात येऊन बसला आहे. तो शब्द 'पात्र'. सत्पात्री दान, अपात्री दान असे आपण सहज बोलतो. देणाऱ्याचे पुण्य घेणाऱ्याच्या योग्यतेवर अवलंबून असते, हा दानशास्त्राचा पाया. आज प्रत्येक योजनेची यादी दोन रकान्यांत लागते, पात्र आणि अपात्र. गरज कोणाला आहे हे शोधणे एक, आणि लायक कोण आहे हे ठरवणे दुसरे. साधने मर्यादित असतील तर पहिले करावेच लागते, त्यात गैर काही नाही. दुसरे करण्याचा अधिकार मात्र दात्याला असतो, आणि राज्य दाता असेल तरच राज्याला असतो. कागदावर दोन्ही कामांसाठी एकच शब्द वापरला की गरज मोजता मोजता माणसाची लायकी मोजली जाऊ लागते, आणि यादीतून गळलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला कमी पडला असे वाटत नाही, आपणच कमी पडलो असे वाटते. बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा अंगठा यंत्राने नाकारला, तर तो 'अपात्र' कसा? यंत्र अपात्र म्हणता येईल, फार तर व्यवस्था. नाव मात्र त्याचेच कटते.

गेल्या काही वर्षांतले सर्वांत मोठे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २०२४ च्या जुलैपासून राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये. पुढे पडताळणी झाली आणि लाखो नावे अपात्र ठरली. त्या पैशाने अनेक घरांत औषध आले, शाळेची फी गेली, हे मी नाकारत नाही, आणि हाती स्वतःचे पैसे आल्याने बाईचा घरातला शब्द थोडा वजनदार होतो हेही खरे. माझा आक्षेप नात्यावर आहे. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. मराठी घरांत त्या ओवाळणीबरोबर आणखी एक कागद फिरत आला आहे, तो म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहीण भावांच्या नावे सोडून देते, आणि त्या बदल्यात माहेर तुटत नाही, दिवाळीला साडी येते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने मुलाइतका वाटा दिला, तरी तलाठ्याच्या दप्तरात हक्कसोडपत्रे येत राहिली. (हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे गोंड आणि माडिया बहिणीला तर सोडून देण्यासाठीसुद्धा या कायद्याचा हक्क नाही. त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते.) ओवाळणी प्रेमाने घातलेली असू शकते आणि तरीही ती वाट्याची जागा घेऊ शकत नाही. वाट्याविषयी बोलणे थांबावे म्हणून ओवाळणी दिली जात असेल, तर ते प्रेमही तपासून घेतले पाहिजे.

वनजिल्ह्यांकडून असेच एक न लिहिलेले हक्कसोडपत्र घेतले गेले आहे. इथल्या जुन्या गावांना निस्तार हा शब्द ठाऊक आहे. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असलेला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हापासून गावाला जवळच्या जंगलातून जळण, बांबू, चारा, घरासाठी लाकूड, शेतीची अवजारे करायला फाटे घेण्याचा निस्तार हक्क होता, आणि तो निस्तार पत्रकात लिहून ठेवलेला होता. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी, जमीनदारी गेल्यावर झालेल्या हस्तांतरांनी आणि स्वतंत्र भारताच्या वनखात्याने हा हक्क हळूहळू सवलतीत बदलला, आणि सवलत परवानगीत. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाड ठरवले, त्यामुळे तो तोडायचा अधिकार सरकारचा झाला. त्याच बांबूचे करार कागद गिरणीशी होत राहिले. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि गडचिरोलीच्या जंगलांनी गिरणीला दशकानुदशके कच्चा माल पुरवला. ज्या गावाच्या शिवारात बांबू उभा होता, त्याला टोपली विणायला काही काड्या मागाव्या लागत होत्या, आणि त्याच रस्त्याने बांबूचे ट्रक कारखान्याकडे जात होते.

हे ध्यानात घेतले की दानाची कल्पना टिकत नाही. घेतलेले परत देणे याला दान म्हणत नाहीत, ऋणफेड म्हणतात. ऋण ही आपल्याकडची जुनी आणि खोल कल्पना आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन सर्वांना माहीत असतात, पण शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यऋण. माणूस जन्मतो तोच इतर माणसांचा ऋणको म्हणून. ऋणाच्या कल्पनेत मला एक मोठा दिलासा दिसतो. ऋण फेडणारा सावकाराची पात्रता तपासत नाही. ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो दारू पितो का, त्याला मुले किती, तो आभार मानेल का, हे विचारण्याचा अधिकार ऋणकोला नाही. मुंबईतल्या उंच घरातला दिवा चंद्रपूरच्या कोळशावर जळत असेल आणि त्या कोळशाची धूळ चंद्रपूरच्याच छातीत जात असेल, तर त्या जिल्ह्याच्या आरोग्य केंद्रावर होणारा खर्च ही मुंबईची उदारता नव्हे. देणे राहिले होते, त्यातले थोडे दिले, एवढेच.

तरीही मी ऋणापाशी थांबत नाही. ऋणाला एक मोठी उणीव आहे. ते फिटते. एकदा मोबदल्याचा धनादेश दिला की धनको आणि ऋणको दोघेही मोकळे. खाणीसाठी, प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या कितीतरी कुटुंबांना हे 'मोकळे होणे' काय असते ते माहीत आहे. रक्कम काही वर्षांत संपते आणि त्यानंतर ते कुटुंब कोणाचेच काही लागत नाही. दुसरे असे की ऋण सिद्ध करावे लागते. कोणाचे काय, केव्हा घेतले, पुरावा दाखवा. मग ज्यांच्याकडून थेट काही घेतलेले दाखवता येत नाही त्यांचे काय? मुलचेरा आणि चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे साठ वर्षांपासून वसली आहेत. वनहक्क कायद्यात बिगरआदिवासी पारंपरिक रहिवाशाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो, तो ती दाखवू शकत नाहीत. भूमिहीन दलित मजूर आहेत, छोटे इतर मागासवर्गीय शेतकरी आहेत. भूतकाळातल्या अन्यायाच्या वहीत नाव सापडले तरच भाकरी मिळेल, असा नियम केला तर ती वहीसुद्धा एक नवी पात्र-अपात्र यादी होते. म्हणून मला ऋणाच्याही मागे जावे लागते, जिथे एकत्र कुटुंब आहे आणि त्याची मालमत्ता अजून वाटलेली नाही.

इथे एका जुन्या वादाची मदत होते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिली. वडिलोपार्जित संपत्तीवर मुलाचे स्वत्व केव्हा निर्माण होते, असा प्रश्न होता. बंगालात जीमूतवाहनाच्या दायभागाने उत्तर दिले की वडिलांच्या पश्चात. विज्ञानेश्वर म्हणाला की जन्मानेच. वाटणी झाली की हक्क तयार होतो, असे तो मानत नाही. हक्क आधीपासून असतो, वाटणी त्याला नुसते वेगळे करून दाखवते. महाराष्ट्रात हीच मिताक्षरा चालत आली. बाप जिवंत असतानाही मुलगा कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या कृपेवर नसतो, ही कल्पना मराठी मनाला परकी नाही, ती सातबाऱ्यावर रोज दिसते. आता २००६ चा वनहक्क कायदा वाचा. त्याच्या नावातच 'वन हक्कांची मान्यता' असे शब्द आहेत. प्रास्ताविकात कायदा कबूल करतो की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही सरकारी वने ठरवताना या लोकांचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय झाला. हक्क 'देण्यात येत आहेत' असे तो म्हणत नाही, ते आहेतच, आता मान्य करत आहोत, असे म्हणतो. संसदेने विज्ञानेश्वर वाचून हे लिहिले नसेल, पण विचाराची जात तीच आहे. हा कायदा केवळ जंगलाला लागू आहे हे मला माहीत आहे. त्याच्यातली रीत रेशनला, मजुरीला, दवाखान्याला लावली पाहिजे, एवढे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो चंद्रपूरमधूनच येईल, आणि तो यायलाच हवा. ज्या धर्मशास्त्राने स्त्रीला वाटा नाकारला, आंधळ्या-पांगळ्यांना वारशातून वगळले आणि शूद्रातिशूद्रांना संपत्तीच नाकारण्याचे समर्थन केले, त्याच्याकडून हक्काचे धडे घ्यायचे? १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोन दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली ती याच शास्त्राला सोडण्यासाठी. हा आक्षेप मला मान्य आहे. मिताक्षरेतून मी अधिकार घेत नाही, एक तर्क घेतो, आणि तो तर्क तिने स्वतः जिथे थांबवला तिथे थांबवायला तयार नाही. कुटुंबाची भिंत कुठे घालायची हे संविधानाने ठरवले आहे. अनुच्छेद ३९ सांगतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण यांची विभागणी सर्वांचे हित उत्तम प्रकारे साधेल अशी व्हावी. विभागणी हा वाट्याचाच शब्द आहे. आणि ज्यांना ब्राह्मणी ग्रंथ नकोत त्यांच्यासाठी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर उभे राहून वाचता येईल असा याहून जुना आधार आहे.

तो दीघनिकायातल्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आहे. एका राजाने प्रजेचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली. पकडलेल्या चोराने सांगितले की जगायला काही नव्हते, तेव्हा राजाने त्याला धन दिले. ते ऐकून आणखी माणसे चोरी करू लागली, कारण चोरी केली की धन मिळते हे लोकांनी पाहिले. मग राजाने धोरण बदलून शिरच्छेद सुरू केला, लोकांनी शस्त्रे बनवली, हत्या वाढल्या, खोटे वाढले, आणि माणसाचे आयुष्यच घटत गेले. या कथेची खोली मला विलक्षण वाटते. उशिरा, घाबरून, गुन्ह्याला उत्तर म्हणून दिलेली मदत बिघडते, हे ती मान्य करते. शिक्षेनेही काही सुटत नाही, हेही ती दाखवते. चुकले कुठे, तर अगदी सुरुवातीला, जेव्हा रक्षण झाले पण वाटणी झाली नाही. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला हाच सल्ला आधी देतो. लुटारूंना ठार मारून किंवा हद्दपार करून देश शांत होणार नाही, शेतकऱ्याला बी आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला अन्न आणि वेतन द्या.

गडचिरोलीने या सुत्ताचे एकेक पान जगून पाहिले आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ इथल्या जंगलात आली, आणि पुढची चार दशके अनेक दुर्गम गावांना राज्याचे पहिले दर्शन पोलीस ठाण्याच्या रूपात झाले. रस्ता, पूल, शाळा, मोबाइलचा टॉवर हे सगळे पुष्कळदा 'नक्षलग्रस्त भाग' या नोंदीखाली आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शरण येणाऱ्याला पुनर्वसनाची मदत मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे, कारण शस्त्र सोडणाऱ्याला परत जगण्याची वाट हवी. पण त्याच टोल्यावर ज्याने कधीच बंदूक उचलली नाही तो माणूस घरकुलाच्या यादीत आपले नाव कधी येईल याची वाट पाहत असेल, तर आपण सुत्तातल्या राजाच्या दुसऱ्या पायरीवर उभे आहोत. भीतीतून केलेले वाटप आणि वेळेवर दिलेला वाटा यांतला फरक या जिल्ह्याइतका महाग कोणाला पडला नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे, पण त्याच्यामागे चंद्रपूर जिल्ह्यातलाच एक मोठा माणूस उभा आहे, म्हणून तो हलक्याने घेता येत नाही. फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, असे म्हणतात. बाबा आमट्यांनी तर जन्मभर सांगितले की दान माणसाला मोडते आणि काम त्याला उभे करते. वरोऱ्याजवळ आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या झडलेल्या बोटांनी शेती पिकवून दाखवली, तेव्हा तो विचार सिद्धही झाला. पण आनंदवन कशावर उभे राहिले ते पाहा. १९५१ साली सरकारने दिलेल्या ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर. काम करायला हात होते, जिद्द होती, पण पायाखाली जमीन नसती तर ते काम कुठे झाले असते? बाबांनी भीक नाकारली, जमीन नाकारली नाही. माझ्या मते त्यांचा विरोध वाटपाला होता, आणि आनंदवन हे वाट्याचे उदाहरण आहे. आळसाच्या आरोपाचा पुरावाही कच्चा आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख-मदत योजनांच्या आकडेवारीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला, आणि मदतीमुळे लोक काम सोडतात असे त्यांना कुठेही दिसले नाही. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो या समजुतीचीही जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अनेक देशांतली निरीक्षणे गोळा करून तपासणी केली, तीही टिकली नाही. खरे तर इतके लांब जायचे कारण नाही. मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा देशातल्या सर्वाधिक तापमानांच्या यादीत असताना, पहाटे तेंदूपाने तोडायला जंगलात जाणाऱ्या आणि दुपारी अंगणात पुडे बांधत बसणाऱ्या कुटुंबांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा तो पुडा मोजून पाहावा.

तिसरा आक्षेप करदात्याचा आहे. माझ्या घामाचा पैसा, त्यावर दुसऱ्याचा जन्मसिद्ध वाटा कसा? याला उत्तर महाराष्ट्रानेच एकदा दिले आहे, आणि ते उत्तम होते. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, असा देशातला हा पहिला कायदेशीर हक्क. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. शहराने खेड्याच्या कामासाठी वर्गणी द्यायची, असा तो करार होता, आणि शहरांनी तो अनेक वर्षे निमूटपणे पाळला, कारण दुष्काळात कोणाच्या विहिरीचे पाणी कोणाकडे गेले हे तेव्हा सर्वांना दिसत होते. पुढे केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा आला. व्यवसाय कर आजही पगारातून कापला जातो, पण तो कशासाठी सुरू झाला हे पगार घेणाऱ्याला सांगितले जात नाही. खनिजांच्या बाबतीतही तसेच. २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांच्या १० टक्के इतकी रक्कम बाधितांच्या हितासाठी त्यात जमा होते. ही रक्कम वाटा म्हणून ठरली आहे. ती कुठे खर्च करायची हे मात्र बाधित गाव ठरवत नाही, आणि तिथेच वाट्याचे पुन्हा वाटप होते.

वाटा मागणारा कर्तव्य करील का, हा शेवटचा आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा प्रश्न. एकत्र कुटुंबात वाटा आहे तशी राखणही आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव या प्रश्नाचे उत्तर तीस-चाळीस वर्षे देत आहे. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनानंतर तिथे चर्चा सुरू झाली. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवले, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची शिस्त लावली. २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर त्यांच्या सामूहिक वनहक्काला मान्यता मिळाली, देशात अगदी सुरुवातीला. त्यानंतरही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण खात्याच्या लेखी तो अजून झाडच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ साली गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ खाली आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या. विनोबांनी भूदानात दान शब्द वापरला, पण शंकराचार्यांच्या आधाराने त्याचा अर्थ संविभाग, म्हणजे नीट वाटून घेणे, असा सांगितला. मेंढ्याने तो अर्थ खरा केला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणेच थांबवले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लागतात. रोख उत्पन्न समोर असताना गावाने ते सोडले. असा निर्णय लाभार्थी घेऊ शकत नाही. तो मालकीण असलेली बाई किंवा मालक असलेला बाप्याच घेऊ शकतो. प्रत्येक गाव मेंढा होत नाही, काही ग्रामसभा ठेकेदाराच्या हिशेबात अडकतात, हेही खरे आहे. पण भावाने आपला हिस्सा उधळला म्हणून त्याचा हिस्सा नव्हताच, असे कोणतेही न्यायालय म्हणत नाही.

मग व्यवहारात काय बदलेल? गरज पाहावी, पण लायकी पाहू नये, याचे एक चांगले उदाहरण आपल्याकडेच आहे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात आदेश दिला की आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय कार्ड मिळावे. महाराष्ट्रात त्या तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, आणि त्यांतल्या दोन याच जिल्ह्यांतल्या. महिना ३५ किलो धान्य, घराघराची चौकशी न करता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते, म्हणून पावसाळ्याआधी धान्य पोचवून ठेवावे लागते. ते पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःला दाता समजू नये, वाटणीचा पंच समजावे. अर्जावरचा 'लाभार्थी' हा शब्द बदलून 'हक्कदार' करायला एक शासन निर्णय पुरे, आणि तो निघावा अशी माझी मागणी आहे. ग्रामसभांकडे मात्र एक विनंती आहे. पुढच्या वेळी कोणतीही अपात्र यादी गावात वाचायला आणली जाईल तेव्हा ती ऐकून घ्या, आणि त्याच बैठकीत गावाचे जुने निस्तार पत्रक मागवून तेही मोठ्याने वाचा.